ताफ्याचा मेळ: भारतीय नौदलाच्या जहाज-नियोजनाची वाटचाल

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये एकाच समारंभात तीन नौका नौदलात दाखल झाल्या. 'सुरत' ही विनाशिका, 'नीलगिरी' ही फ्रिगेट आणि 'वाघशीर' ही पाणबुडी. तिन्ही माझगाव डॉकने बांधलेल्या. दिवस एक असला तरी त्यांचे निर्णय एका काळातले नव्हते. 'वाघशीर'चा करार ऑक्टोबर २००५ चा, आणि त्या करारामागची पाणबुडी-योजना १९९९ ची. 'सुरत'चा करार २०११ चा, 'नीलगिरी'चा २०१५ चा. वाजपेयी, मनमोहनसिंग आणि मोदी अशा तीन पंतप्रधानांच्या राजवटींतले निर्णय त्या दिवशी एका धक्क्यावर उभे होते.

नौदलाच्या नियोजनातला खरा पेच हाच आहे. नौका मागायची ठरते, तिची गरज कागदावर येते, पैसे मंजूर होतात, आराखडा होतो, पोलाद कापले जाते आणि ती समुद्रात उतरते, यात दहा-पंधरा वर्षे सहज जातात. पुढे ती पंचवीस-तीस वर्षे राबते. म्हणजे आज टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याने नातवंडांच्या काळातला शत्रू, इंधन, शस्त्र आणि पैसा यांचा अंदाज बांधायचा असतो. त्यातही नुसती संख्या ठरवून भागत नाही. विमानवाहू नौका किती, तिच्याभोवती विनाशिका किती, पाणबुड्या किती, बंदराच्या तोंडाशी सुरुंग शोधणाऱ्या नौका किती, आणि या सगळ्यांना भर समुद्रात तेल देणारे टँकर किती, हा मेळ जमला तरच ताफा उभा राहतो. एक घटक कमी पडला की बाकीच्यांचे बळ वाया जाते. स्वतंत्र भारताच्या नौदलाने हा मेळ कसा घातला, कुठे साधला आणि कुठे चुकला, ही गोष्ट सैनिकी इतिहासापेक्षा मोठी आहे. ती आपल्या कारखान्यांची, अभियंत्यांची आणि देशाच्या धीराचीही गोष्ट आहे.

सुरुवात फाळणीच्या वाटणीने झाली. रॉयल इंडियन नेव्हीच्या मोठ्या नौका होत्याच थोड्या. 'सतलज', 'जमना', 'कृष्णा' आणि 'कावेरी' या चार स्लूप भारताकडे राहिल्या. 'नर्मदा' आणि 'गोदावरी' नावाच्या दोन पाकिस्तानकडे गेल्या. जहाजांपेक्षा मोठा तोटा प्रशिक्षणाचा झाला. तोफखान्याची आणि पोरगेल्या खलाशांची शाळा कराचीत होती, ती तिथेच राहिली. उरलेल्या नौदलाचे काम किनाऱ्यावर पहारा देण्यापलीकडे जाईल, असे तेव्हा कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

तरीही स्वातंत्र्यानंतर लगेच नौदल मुख्यालयाने दहा वर्षांची जी योजना आखली, तिच्यात दोन हलक्या विमानवाहू नौका, तीन क्रूझर, विनाशिका आणि पाणबुड्याही होत्या. तिजोरी रिकामी, काश्मीरची लढाई सुरू, निर्वासितांचे लोंढे, आणि कागदावर विमानवाहू नौका! आकड्यांच्या हिशेबाने ती योजना फसलीच. पण तिने एक गोष्ट पक्की केली: भारताचे नौदल हे किनाऱ्याचे पहारेकरी नसून खोल समुद्रात जाणारे, सर्व अंगांनी पुरे असे दल असेल. पुढच्या पंचाहत्तर वर्षांतली प्रत्येक योजना त्याच चौकटीत वाढली. माझ्या मते नौदलाच्या नियोजनातला सर्वांत धाडसी कागद तोच होता.

पहिली क्रूझर 'दिल्ली' ५ जुलै १९४८ रोजी आपल्याकडे आली. आधी ती न्यूझीलंडच्या ताफ्यातली 'अकिलीस' होती आणि १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत 'ग्राफ स्पे' या जर्मन युद्धनौकेशी लढली होती. त्यापाठोपाठ जुन्या विनाशिका, १९५७ मध्ये 'म्हैसूर' ही दुसरी क्रूझर, आणि त्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये नव्याने बांधलेल्या 'खुकरी', 'त्रिशूल', 'तलवार', 'ब्रह्मपुत्रा' अशा फ्रिगेट आल्या. विमानवाहू नौकेच्या बाबतीत मात्र नौदलाने वेगळीच दूरदृष्टी दाखवली. नौका हातात यायच्या आठ वर्षे आधी, मे १९५३ मध्ये, कोचीला 'गरुड' हा नौदलाचा विमानतळ सुरू झाला. वैमानिक, तंत्रज्ञ, दुरुस्तीची सोय आधी, जहाज नंतर. ब्रिटनमध्ये पडून असलेली अर्धवट 'हर्क्युलिस' १९५७ मध्ये विकत घेतली, आणि ती ४ मार्च १९६१ रोजी 'विक्रांत' नावाने नौदलात आली. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्तीच्या कारवाईत नौदल उतरले. अंजदीव बेटावर नौदलाचे जवान धारातीर्थी पडले आणि मुरगावच्या बंदरात 'अफोन्सो द अल्बुकर्क' या पोर्तुगीज नौकेला 'बेतवा' आणि 'बियास'ने गाठले.

पुढच्याच वर्षी चीनचे युद्ध झाले आणि सगळा पैसा हिमालयाकडे वळला. ते स्वाभाविकच होते. १९६० च्या दशकात संरक्षणखर्चातला नौदलाचा वाटा एकेरी अंकात अडकून पडला होता. त्या काळात नौदलप्रमुख होते भास्कर सदाशिव सोमण, आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. १९६४ मध्ये चव्हाण शस्त्रसामग्रीच्या शोधात अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन असे तिन्ही देश फिरले. ब्रिटनकडून फ्रिगेट बांधणीला साहाय्य मिळाले, पण हव्या तशा पाणबुड्या पदरात पडल्या नाहीत. त्या सोव्हिएत रशियाने दिल्या. ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा येथे 'कलवरी' दाखल झाली. आजही तो दिवस नौदलाचा पाणबुडी दिन आहे. ताफ्याला तिसरे अंग मिळाले ते असे, राजकारणाच्या रेट्यातून. पुढची तीस वर्षे भारतीय ताफ्याचे रूप याच वळणाने ठरले: निम्मे ब्रिटिश वळणाचे, निम्मे रशियन.

हा दुपेडीपणा फार त्रासाचा होता. ब्रिटिश घराण्याच्या नौका बव्हंशी मुंबईत, सोव्हिएत नौका विशाखापट्टणमला. सुटे भाग वेगळे, प्रशिक्षण वेगळे, दुरुस्तीची पद्धत वेगळी, सूचनापुस्तकांची भाषासुद्धा वेगळी. एका नौदलात दोन नौदले नांदत होती. हे दोन धागे एकत्र विणण्याचे काम ज्यांनी केले, त्यांच्याविषयी आपण फार थोडे बोलतो.

ते लोक म्हणजे नौदलाचे स्वतःचे जहाजरचनाकार. १९५० च्या दशकात काही तरुण अधिकाऱ्यांना ब्रिटनमध्ये ग्रिनिचला जहाजरचनेच्या शिक्षणासाठी पाठवले गेले होते. ते परतल्यावर १९६४ मध्ये नौदल मुख्यालयात एक छोटे मध्यवर्ती डिझाइन कार्यालय सुरू झाले. पुढे त्याचेच नौदल डिझाइन संचालनालय झाले, आणि आज ते वॉरशिप डिझाइन ब्युरो म्हणून ओळखले जाते. जगात फार थोड्या नौदलांकडे असे घरचे आरेखन आहे. पुष्कळ देश नौका कंपनीकडून विकत घेतात. आपल्या नौदलाने ठरवले की काय हवे हे ज्याला कळते, त्यानेच ती रेखाटावी. सरकारने १९६० मध्येच माझगाव डॉक आणि कोलकात्याचे गार्डन रीच हे कारखाने ताब्यात घेतले होते. गोव्यात पोर्तुगिजांच्या वेळचा वास्कोचा जहाजकारखाना मुक्तीनंतर माझगाव डॉककडे आला आणि १९६७ पासून गोवा शिपयार्ड म्हणून उभा राहिला. आराखडा दिल्लीत, बांधणी मुंबई, कोलकाता, गोवा, विशाखापट्टणम, कोची इथे, अशी घडी हळूहळू बसली.

शिकण्यासाठी पहिले जहाज ब्रिटिशांचे लिअँडर वर्गाचे घेतले. 'नीलगिरी' (आताच्या 'नीलगिरी'ची थोरली) २३ ऑक्टोबर १९६८ रोजी माझगावच्या उतारावरून पाण्यात उतरली आणि जून १९७२ मध्ये दाखल झाली. एकूण सहा झाल्या. पहिली जवळजवळ ब्रिटिश नकाशाबरहुकूम. पण प्रत्येक पुढच्या नौकेत आपल्या लोकांनी काहीतरी बदलले. शेवटच्या दोन, 'तारागिरी' आणि 'विंध्यगिरी', यांवर 'सी किंग' हे जड हेलिकॉप्टर उतरू लागले. मूळ रचनेत इतक्या लहान डेकवर ते बसणारच नव्हते. सहा नौका एकामागून एक बांधल्याने हात बसला आणि डोके चालायला लागले. त्या मालिकेचे मोल युद्धात मोजता येणारे नाही, पण तिच्याशिवाय पुढचे काहीही घडले नसते.

मधल्या काळात १९७१ चे पाकिस्तानशी युद्ध आले. डिसेंबरच्या ४ तारखेच्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौका दोनशे-सव्वादोनशे टनांच्या होत्या. त्या मुळात बंदराच्या आसपास पहारा देण्यासाठी बनवलेल्या. त्यांचा पल्ला कमी, पण प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे. नौदलाने त्यांना मोठ्या नौकांनी ओढत पुढे न्यायचे, 'किलतान' आणि 'कछाल' या पाणबुडीविरोधी नौकांना सोबत द्यायचे, आणि बचावाची नौका चढाईला वापरायची, असा डाव मांडला. 'खैबर' ही पाकिस्तानी विनाशिका बुडाली. मेळ जमला की लहान नौका काय करू शकते, हे त्या रात्री दिसले. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ मेळ नसण्याची किंमतही मोजावी लागली. फ्रेंच बनावटीच्या 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. 'खुकरी' पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधलेली होती. पण तिचा सोनार जुना होता आणि समोरची पाणबुडी नवी. लढाईच्या आधी दहा वर्षे जे ताफ्यात यायला हवे होते ते आले नव्हते. पुढच्या प्रत्येक फ्रिगेटवर पाणबुड्या हुडकणाऱ्या हेलिकॉप्टरचा जो हट्ट दिसतो, त्याचे मूळ दीवच्या त्या पाण्यात आहे.

'गोदावरी' ही फ्रिगेट त्या हट्टाचे अपत्य. तिच्याकडे थोडे जवळून पाहायला हवे, कारण भारतीय नौदलाचा स्वतःचा असा ताफा तिथून सुरू होतो. नौदलाला हवी होती एकच नौका, पण तिच्यावर सोव्हिएत जहाजभेदी क्षेपणास्त्रे, विमानविरोधी क्षेपणास्त्रे, आणि एक नव्हे, दोन 'सी किंग' हेलिकॉप्टर. इंजिन मात्र लिअँडरचीच वाफेची यंत्रणा, कारण आपल्याकडे तीच बनत होती आणि तीच माणसांना माहीत होती. डिझाइनवाल्यांनी लिअँडरचे अंग लांबवले, रुंदावले आणि सुमारे ३८०० टनांची नौका काढली. खरी डोकेदुखी आत होती. सोव्हिएत शस्त्रांना ३८० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज लागे, ब्रिटिश पठडीतल्या यंत्रांना ४४० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. रडार युरोपचे, लढाईची माहिती जुळवणारा संगणक इटालियन, सोनार भारतीय. ही सगळी यंत्रे एकमेकांशी बोलायला हवीत, आणि पुरवणाऱ्या देशांपैकी कोणी दुसऱ्याला आपले गुपित सांगायला तयार नाही. ती जुळणी भारतीय अभियंत्यांनीच केली, कारण दुसऱ्या कोणाला ती करताच आली नसती. १० डिसेंबर १९८३ रोजी 'गोदावरी' दाखल झाली. पूर्व आणि पश्चिम एका डेकवर नांदवता येतात हे सिद्ध झाले. परदेशी चष्म्यातून ती खिचडी दिसत असेलही. मला ती आपल्या तंत्रज्ञांच्या स्वाभिमानाची पहिली मोठी सही वाटते.

त्याच दशकात ताफा झपाट्याने फुगला. रशियाकडून 'राजपूत' वर्गाच्या विनाशिका आणि 'सिंधुघोष' वर्गाच्या पाणबुड्या, ब्रिटनकडून १९८७ मध्ये 'विराट' ही विमानवाहू नौका. १९८१ मध्ये जर्मनीशी पाणबुड्यांचा करार झाला: दोन कील शहरात बांधायच्या, दोन मुंबईत. माझगाव डॉकच्या वेल्डरांनी पाणबुडीचे दाबसह अंग जोडायला शिकून घेतले. हे कसब फार दुर्मीळ. सांधा केसभर चुकला तरी खोल पाण्यात माणसे जातात. 'शल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये दाखल झाली. तोवर या करारातल्या दलालीच्या आरोपांनी पुढचा रस्ता बंद झाला होता. नवी मागणी आली नाही. शिकलेली माणसे दुसरीकडे गेली किंवा निवृत्त झाली, यंत्रे धूळ खात पडली.

आणि मग दुष्काळच पडला. १९८० च्या दशकाच्या अखेरपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठ्या जहाजांच्या नव्या मागण्या जवळजवळ थांबल्या. १९९१ चे आर्थिक संकट होते, सोव्हिएत संघ कोसळला होता, सुटे भाग मिळेनात. त्या काळातली 'दिल्ली' ही विनाशिका पाहा: १९८७ मध्ये कणा (कील) ठेवला, १९९१ मध्ये पाण्यात उतरली, आणि दाखल झाली नोव्हेंबर १९९७ मध्ये. नौका अप्रतिम, भारतीय आरेखनाची, ६७०० टनांची. पण दहा वर्षे! जानेवारी १९९७ मध्ये जुनी 'विक्रांत' निवृत्त झाली आणि पुढची सोळा वर्षे देशाकडे एकच विमानवाहू नौका उरली. एका हंगामात पेरणी चुकली तर शेतकऱ्याला त्याच वर्षी कळते. नौदलात मागणी चुकली तर रिकामे कोठार पंधरा वर्षांनी दिसते, आणि तोवर चुकवणारा खुर्चीवर नसतो.

१९९९ मध्ये सरकारने पाणबुड्यांची तीस वर्षांची योजना मंजूर केली. २०३० पर्यंत २४ पाणबुड्या, बांधणीच्या दोन स्वतंत्र रांगा. कागद चांगला होता. कारण त्यात नुसता आकडा नव्हता, सातत्य होते: आधी परदेशी तंत्रज्ञानाने, मग शिकत शिकत स्वदेशी. प्रत्यक्षात काय झाले? पहिल्या रांगेतल्या स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार २००५ मध्ये, त्यांतली पहिली, नवी 'कलवरी', १४ डिसेंबर २०१७ रोजी, सहावी 'वाघशीर' २०२५ मध्ये. मधली 'खांदेरी' २०१९ ची. थळच्या समुद्रातल्या शिवकालीन जलदुर्गाचे ते नाव ऐकून आपल्याला आनंद होतो, आणि व्हावाही. पण दुसऱ्या रांगेच्या, हवेशिवाय जास्त काळ पाण्याखाली राहू शकणाऱ्या पाणबुड्यांसाठी माझगाव डॉकबरोबर वाटाघाटी सुरू व्हायला २०२५ उजाडले. म्हणजे जर्मन पाणबुड्यांनंतर जे घडले तेच पुन्हा घडण्याची भीती आहे. स्कॉर्पीन बांधताना तयार झालेले हात रिकामे ठेवणे देशाला परवडणारे नाही. हे मी रागाने नव्हे, कळवळ्याने लिहितो आहे.

२००८ नंतर ताफ्याच्या मेळात एक अनपेक्षित भर पडली. २६ नोव्हेंबरला मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाला, आणि सरकारने किनारी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे सोपवली. विमानवाहू नौकांचा विचार करणाऱ्या मुख्यालयाला आता मच्छीमार होड्यांमधून संशयित होडी हुडकणाऱ्या वेगवान बोटींचा विचार करावा लागला. सागर प्रहरी बल उभे राहिले, त्यासाठी ८० वेगवान बोटी घेतल्या. एडनच्या आखातात सोमाली चाच्यांविरुद्ध गस्त त्याच वर्षी सुरू झाली. तिथे क्षेपणास्त्रे लागत नाहीत. लागते ती आठवडेच्या आठवडे समुद्रात राहणारी, हेलिकॉप्टर बाळगणारी साधी गस्ती नौका. कोट्यवधींची विनाशिका चाच्यांच्या मागे पाठवणे म्हणजे बळ वाया घालवणे. मार्च २०२३ मध्ये ११ नव्या गस्ती नौकांचे करार झाले, सात गोवा शिपयार्डकडे आणि चार गार्डन रीचकडे. ते या अनुभवाचे उशिरा आलेले फळ आहे.

दरम्यान नौदलाने २०१२ ते २०२७ या काळाची क्षमता-योजना आखली. आकडा आधी दोनशे नौकांचा बोलला जाई. तो खाली येत १७५ वर स्थिरावला आणि मुदत २०३५ कडे सरकली. हे १७५ म्हणजे काय, ते साध्या भागाकाराने कळते. नौकेचे आयुष्य तीस वर्षे धरले, तर १७५ चा ताफा नुसता टिकवून ठेवायलाही दरवर्षी सुमारे सहा नौका दाखल व्हाव्या लागतात. ताफा वाढवायचा असेल तर त्याहून जास्त. शिवाय कागदावरच्या सगळ्या नौका समुद्रात नसतात. एक मोहिमेवर, एक मोठ्या दुरुस्तीत, एक सरावात, असा ढोबळ हिशेब जगभरची नौदले धरतात. विमानवाहू नौका तीन हव्यात असे नौदल सांगते त्यामागे हेच गणित आहे: दोन किनाऱ्यांना एकेक, आणि एक गोदीत. याच्या उलट मतही वजनदार आहे. संरक्षणदलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी २०२० मध्ये पाणबुड्यांना प्राधान्य द्यावे असे उघड सांगितले होते. मला वाटते, तिसरी विमानवाहू नौका हवी. पण पाणबुड्यांची रांग थांबवून नको.

बांधणीत मात्र गेल्या दशकात जे घडले ते पाहून ऊर भरून येतो. माझगाव डॉकमध्ये ३०० टन उचलणारी गोलियाथ क्रेन आली आणि बांधायची रीतच पालटली. पूर्वी उतारावर सांगाडा उभारत आणि मग आत शिरून एकेक पाइप, एकेक केबल ओढत. अंधारात, वाकून, कोपऱ्यात पडून. आता नौकेचे मोठे मोठे ठोकळे वेगळे तयार होतात. त्यांत पाइप, केबलचे मार्ग, यंत्रांचे पाये आधीच बसवले जातात, आणि मग क्रेन ते आणून जोडते. त्यामुळे 'दिल्ली'ला जिथे दहा वर्षे लागली, तिथे 'सुरत' कील ठेवल्यापासून सुमारे पाच वर्षांत दाखल झाली. नौकेचे खास पोलाद पूर्वी बाहेरून येई. आता हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने विकसित केलेले पोलाद 'सेल' पुरवते. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नवी 'विक्रांत' दाखल झाली, २६२ मीटर लांब, घरच्या आराखड्याची. त्याच दिवशी नौदलाच्या निशाणावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. ऑगस्ट २०२५ मध्ये दाखल झालेली 'उदयगिरी' ही डिझाइन ब्युरोने रेखाटलेली शंभरावी नौका ठरली. आणि १ जुलै २०२५ रोजी रशियातल्या कॅलिनिनग्राडला दाखल झालेली 'तमाल' ही परदेशात बांधलेली शेवटची युद्धनौका असेल, असे नौदलाने जाहीर केले.

तरी 'तमाल'च्याच पोटात आपली एक दुखरी जागा आहे. तिचे गॅस टर्बाइन युक्रेनचे. रशियाने क्रिमिया बळकावल्यानंतर युक्रेनने रशियाला इंजिने देणे बंद केले, तेव्हा भारताने ती स्वतः विकत घेऊन रशियन गोदीत पोचवली. नौदल आपल्या नौकेचे तीन भाग मानते: तरंगणे, चालणे आणि लढणे. तरंगण्याच्या भागात आपण जवळजवळ स्वावलंबी आहोत. चालण्यात अर्ध्याहून थोडे पुढे. लढण्यात अजून मागे. मोठी इंजिने आणि शस्त्रे स्वतः बनवता आल्याशिवाय ताफ्याचा मेळ दुसऱ्याच्या भांडणावर अवलंबून राहणार.

दिमाखदार नौकांना पैसा मिळतो, बिनदिमाखी नौकांना मिळत नाही, ही दुसरी दुखरी जागा. टँकर घ्या. भर समुद्रात तेल देणारे मोजके चारच आहेत, आणि त्यांच्या जोडीला पाच मोठ्या नौका बांधण्याचा करार विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डशी व्हायला ऑगस्ट २०२३ लागला. सैन्य उतरवणाऱ्या चार मोठ्या नौकांची निविदा २०१३ मध्ये निघाली, २०२० मध्ये रद्द झाली, आणि २०२५ मध्ये पुन्हा मंजुरीला आली. उथळ पाण्यात पाणबुड्या हुडकणाऱ्या १६ लहान नौकांचे मात्र बरे झाले. त्यांतली पहिली, वसईजवळच्या किल्ल्याचे नाव मिरवणारी 'अर्नाळा', जून २०२५ मध्ये आली.

सर्वांत वाईट अवस्था सुरुंगशोधक नौकांची. समुद्री सुरुंग हे गरिबाचे शस्त्र आहे. एखादी मच्छीमार होडीसुद्धा रात्रीतून चार टाकून जाईल, आणि सकाळी उरणजवळचे जवाहरलाल नेहरू बंदर, मुंबईची गोदी, मुरगावचा धक्का सगळे ठप्प. एकही जहाज बुडाले नाही तरी विमा कंपन्याच वाहतूक थांबवतील. हे सुरुंग शोधायला अचुंबकीय अंगाची, आवाज न करणारी खास नौका लागते. रशियाकडून घेतलेल्या आपल्या अशा १२ नौका एकेक करून म्हाताऱ्या झाल्या आणि 'कोझिकोड' ही शेवटची २०१९ मध्ये निवृत्त झाली. नव्या १२ नौका दक्षिण कोरियाच्या मदतीने गोवा शिपयार्डमध्ये बांधायच्या होत्या; ती बोलणी २०१८ मध्ये फिस्कटली. २०१९ पासून इतक्या मोठ्या किनाऱ्याच्या देशाकडे एकही सुरुंगशोधक नौका नाही. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने पुन्हा गरज मान्य केली आहे. मान्यतेनंतर निविदा, मग करार, मग साचे, मग अंग. आज सही झाली तरी पहिली नौका पुढच्या दशकात. त्या मधल्या वर्षांसाठी विनाशिकेवरून सोडता येतील असे पाण्याखालचे यंत्रमानव आणि हेलिकॉप्टरवरची शोधयंत्रे तातडीने घ्यावीत, आणि या खेपेला बाराच्या बारा नौकांचा करार एकाच वेळी व्हावा. चार आत्ता, आठ नंतर, असे नको.